१९१८ ची गिनी आणि शके १८४५ ची वही: खानापूरकडच्या एका डब्यातले दागिने

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातल्या एका गावात एक आज्जी वारली. तिच्या मागं शेत, घर आणि दागिन्यांचा एक पितळी डबा राहिला. वारस तीन, तिचीच नातवंडं. थोरले भाऊ गावात शेती बघतात, धाकटे पुण्यात नोकरीला आहेत आणि बहीण बेळगावात शहापूरला दिलेली. बहिणीला सगळे आक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन. माणसांची ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे, दागिन्यांचे तपशील मात्र होते तसेच ठेवले आहेत.

पतसंस्था आणि सोसायट्यांच्या तारण कर्जासाठी सोनं तपासणं हे माझं रोजचं काम. तारणाच्या सोन्याला कुणी वय विचारत नाही. वजन, कस (शुद्धता) आणि बट्टा (वजावट), एवढ्यावर काम भागतं. या डब्यात मात्र सगळा वाद वयावरूनच होता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

डब्यात होतं ते असं: एकोणीस पुतळ्यांची माळ आणि तिच्या मधोमध गिनी, एक कोल्हापुरी साज, मोत्यांची नथ, दोन पाटल्या, चांदीचे तोडे आणि जुन्या खणाच्या पुरचुंडीत साजाचे काही सुटे मणी.

अडचण

वाटणी सोपी व्हावी म्हणून भावांनी आधी डबा एका खरेदीदाराला दाखवला. त्याने सगळ्याची मिळून एक रक्कम सांगितली. साजाचं निम्मं वजन मण्यांत भरलेल्या लाखेचं म्हणून वजा, पुतळ्या मोडीच्या भावाने, नथीला किंमतच नाही आणि पाटल्या "हलक्या सोन्याच्या". वजन करताना त्याने माळेचा जुना रेशमी दोरा कापून टाकला. या गोष्टीकडे पुढं परत यावं लागेल.

थोरल्या भावांचं म्हणणं अगदी उलट. घरात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं की नथ आणि माळ कित्तूरच्या लढाईच्या, म्हणजे १८२४ च्या, आधीच्या. दोनशे वर्षांची चीज मोडीच्या भावाने कशी द्यायची, हा त्यांचा सवाल.

पाटल्यांनी तर घरात कडवटपणाच आणला. बेळगावातल्या मशीनवर त्यांचा कस ५८ टक्के आला. बाकी सगळं सोनं बावीस कॅरेटच्या आसपास, मग पाटल्याच अशा कशा? आज्जीला सोनाराने फसवलं, असं एकाचं मत. दुसऱ्याच्या मनात याहून वाईट शंका होती: खऱ्या पाटल्या कुणीतरी मधल्या मधे बदलल्या. डब्याची किल्ली शेवटची काही वर्षं थोरल्या वहिनींकडे होती. शंका कुणी तोंडाने बोललं नाही, पण ती सगळ्यांना ऐकू गेली होती.

शिवाय धाकट्या भावांचा मुलगा परदेशात राहतो. पणजीची आठवण म्हणून त्याला माळ हवी होती आणि पुढच्या सुट्टीत ती घेऊन जायचा त्याचा विचार होता.

समोर कोणते मार्ग होते

पहिला, खरेदीदाराची रक्कम घेऊन तीन वाटे करायचे. भांडण तिथंच मिटलं असतं आणि पुरावाही तिथंच वितळला असता. दुसरा, वजनाप्रमाणे डाग, म्हणजे दागिने, वाटून घ्यायचे. पण लाख भरलेला साज आणि भरीव पुतळ्या एकाच काट्यावर तोलणं अन्यायाचं झालं असतं. तिसरा मार्ग म्हणजे एकेक डाग वेगळा तपासायचा, त्याचं वय आणि मोल स्वतंत्र लिहायचं आणि मग वाटणीला बसायचं. आक्कांनी तिसऱ्याचा आग्रह धरला आणि त्या मला घेऊन गावी आल्या.

कामाला लागण्याआधी मी एक अट घातली. तिन्ही वारसांसमोर प्रत्येक डागाचा पुढून-मागून फोटो, ग्रॅममधलं वजन आणि सगळ्यांच्या सह्यांची यादी. त्यानंतरच एखादी कडी उघडायची. खरेदीदाराच्या दारात जाण्याआधीच हे व्हायला हवं होतं.

पुतळ्यांची माळ

एकोणीसपैकी सोळा पुतळ्या आपल्याकडच्या घडणीच्या. दोन उभ्या आकृत्या आणि भोवती अक्षरांसारख्या दिसणाऱ्या, पण वाचता न येणाऱ्या रेघा. उरलेल्या तीन वेगळ्या. एका बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू, दुसऱ्या बाजूला संत मार्कपुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि काठाने स्पष्ट लॅटिन अक्षरं. व्हेनिसची ही सोन्याची नाणी व्यापारातून शतकानुशतकं हिंदुस्थानात आली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. इकडच्या नजरेला त्यावरची जोडी देवादिकांची वाटली आणि आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या घडवायला घेतल्या.

मशीनवर तिन्ही नाण्यांचा कस ९९ च्या वर निघाला, बाकी सोळांचा ९२ ते ९४ च्या दरम्यान. एका नाण्यावर लुडोविको मानिनचं नाव भिंगाखाली वाचता आलं. तो व्हेनिसचा शेवटचा राज्यप्रमुख, कारकीर्द १७८९ ते १७९७. हे ऐकून थोरले भाऊ उठूनच उभे राहिले: "म्हणजे कित्तूरच्या आधीची! मी काय सांगत होतो?"

इथं मला त्यांना थांबवावं लागलं. नाणं १७९७ च्या आधीचं म्हणून माळही तेव्हाची, असं होत नाही. दागिना त्याच्यातल्या सगळ्यात जुन्या तुकड्याइतका जुना नसतो, सगळ्यात नव्या तुकड्याइतकाच असतो. आणि या माळेतला सगळ्यात नवा तुकडा मधोमध लटकत होता. गिनीवर पंचम जॉर्जचा मुखवटा, मागं घोड्यावरचा संत जॉर्ज, खाली साल १९१८ आणि सालाच्या वर जमिनीच्या रेघेवर 'आय' हे बारीक इंग्रजी अक्षर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटिश गिन्या पाडल्या गेल्या, त्यांची ही खूण. मुंबईच्या गिन्या फक्त १९१८ सालच्याच आहेत.

थोरल्या भावांची शंका रास्त होती. गिनी मागाहून पदक म्हणून घातली नसेल कशावरून? घरोघरी असं होतंच. लग्न आलं की माळेत चार पुतळ्या वाढतात, अडचण आली की दोन निघतात. म्हणून नाणी बाजूला ठेवून मी कड्या पाहिल्या. वीसही कड्या एकाच जाडीच्या तारेच्या, झाळ (जोडाचं सोल्डर) एकाच पद्धतीने लावलेली, दोऱ्याने झालेली झीज सारखी. गिनी नंतर आली असती, तर तिची कडी कमी झिजलेली दिसली असती. माळ एकदाच आणि एकाच हाताने जुळवली गेली होती, ती १९१८ नंतरच.

पण नंतर म्हणजे केव्हा? १९१९ की १९६०? याचं उत्तर सोन्यात नव्हतं. ते पुढं एका वहीत सापडलं.

पाटल्या

पाटल्यांचा तिढा सोडवला तो आत्यांनी. आत्या म्हणजे आज्जीची नणंद, संकेश्वरला दिलेली, वय ऐंशीच्या पुढं. सहज भेटायला म्हणून त्यांना आणलं, तर पाटल्या हातात घेताच त्या म्हणाल्या, "ह्या माझ्या लग्नातल्या. माझ्या दोन आणि वैनीच्या दोन, एकदमच केलत्या. त्या वक्ताला चौदा कॅरेटचंच घडवून द्यायचे. सोनार म्हणाला, सरकारचा हुकूम आलाय, मी काय करू?"

आत्यांचं लग्न १९६४ चं. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. तेव्हा अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. कसाची ही अट पुढं काही वर्षांतच उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात सुमारे ५८.३ भाग सोनं. मशीनने सांगितलेला ५८ हा आकडा फसवणुकीचा नव्हता, त्या काळाच्या कायद्याचा होता.

बोलण्यावर विसंबून हा संशय मिटवणं मला बरोबर वाटलं नाही, कारण त्यात वहिनींची अब्रू गुंतली होती. आत्यांच्या हातात त्यांच्या पाटल्या अजून होत्या. मी एकाच कसोटीवर शेजारी शेजारी दोन रेघा ओढल्या, एक आज्जीच्या पाटलीची आणि एक आत्यांच्या. तिसरी रेघ चौदा कॅरेटच्या सळईची आणि चौथी बावीसची. वरून तेजाबाचा हात फिरवला. पहिल्या तिन्ही रेघा सारख्याच फिकटल्या, बावीसची टिकली. आतली नक्षी, जोडाची जागा, कडेचा दाणा, सगळं दोन्ही जोड्यांत एकच. थोरल्या वहिनी तोवर दाराशी उभ्या होत्या, त्या आत येऊन बसल्या.

हलक्या कसाचं जुनं सोनं दिसलं की फसवणूक म्हणून मोकळं होणारे खूप भेटतात. त्या वर्षांत लग्न झालेल्या घरी चौदा कॅरेट निघालं, तर आधी लग्नाचं साल विचारावं.

वही

आत्यांच्या बोलण्यात आलं की त्यांचे आजोबा डागांची नोंद ठेवत. माळ्यावरच्या ट्रंकेतून एक लांबट वही निघाली, सगळी मोडी लिपीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी बेळगावात मिळाले. शके १८४५ च्या एका पानावर नोंद होती: पुतळ्या १९, गिनी १, वजन ७ तोळे.

शके १८४५ म्हणजे इसवी सन १९२३-२४. गिनीमुळे माळ १९१८ च्या आधीची नाही हे कळलं होतं, वहीमुळे ती १९२४ च्या नंतरची नाही हेही कळलं. इतका नेमका काळ घरगुती दागिन्याला क्वचितच लाभतो.

वजनावरून मात्र पुन्हा कुजबुज झाली. काट्यावर माळ ८१ ग्रॅम भरली होती. आजच्या बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, त्या हिशेबाने सात तोळे म्हणजे सत्तर. मग वरचे अकरा ग्रॅम कुठून आले, ही तीच माळ की दुसरी? जुना तोळा दहा ग्रॅमचा नाहीच. तो बारा माश्यांचा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा, ११.६६४ ग्रॅम. सात तोळ्यांचे साधारण ८१.६ ग्रॅम होतात. मधल्या काळातली झीज धरली तर हिशेब चोख जुळतो. ज्या आकड्याने संशय आला, त्यानेच माळेची ओळख पक्की केली. जुन्या याद्या वाचताना तोळ्याचा हा फरक लक्षात न ठेवल्याने भावंडं एकमेकांना चोर ठरवतात. उलट नव्या यादीतले दहाचे तोळे जुन्या मापाने धरले, तर दागिना वजनात कमी वाटतो आणि भांडण आणखी पेटतं.

साज

साजाचं वय सोनं सांगत नव्हतं आणि लाखही. दोन्ही गोष्टी शेकडो वर्षं तशाच वापरल्या जात आहेत. मशीनने पाठीमागच्या आकड्यात (हुकात) कॅडमियम दाखवलं, मण्यांत नाही. कॅडमियमची झाळ, म्हणजे बाजारात 'केडीएम' म्हणतात ती, अलीकडच्या काही दशकांतली. म्हणजे आकडा बदललेला. साज मात्र आज्जीच्या लग्नाच्या फोटोत तिच्या गळ्यात स्पष्ट दिसतो. वयाचा प्रश्न तिथंच संपला.

खरा प्रश्न मोलाचा होता: आत सोनं किती? मशीन वरचा काही मायक्रॉनचाच थर वाचतं. पत्र्याचा कस ते सांगेल, पत्र्याच्या आत काय आहे ते सांगणार नाही. साज मोडून लाख जाळली तर उत्तर मिळेल, पण साज राहणार नाही. आक्का त्याला तयार नव्हत्या आणि त्यांचं बरोबरच होतं.

पुरचुंडीतले सुटे मणी इथं कामी आले. साजातल्या मण्यांशी घाट आणि वजन जुळवून पाहिलं आणि त्यातले दोन मंद आचेवर धरले. लाख वितळून बाहेर आली, मागं राहिलेल्या टरफलाचं वजन केलं. जोडीला सगळा साज आधी हवेत आणि मग गार पाण्यात तोलला. बावीस कॅरेट सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड, लाख पाण्याहून किंचितच जड, त्यामुळे पाण्यातल्या घटीवरून दोन्हींचा हिस्सा काढता येतो. आत पोकळी राहिली असेल तर या रीतीने सोनं थोडं कमी दिसतं आणि इथंही ते थोडं कमीच आलं. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जवळ होती: एकूण वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश सोनं. निम्मं वजन वजा करणाऱ्या खरेदीदाराने या एका डागातच वारसांचं मोठं नुकसान केलं असतं.

असे डाग कोमट पाण्यात भिजवू नयेत आणि दुकानातल्या कंपनाच्या मशीनमध्येही धुऊ नयेत. लाख सुटते आणि कोंदणाखालचा वर्ख काळा पडतो.

नथ

नथीतले दोन-तीन टपोरे मोती एकसारखे पांढरे आणि गोल, बाकीचे बारीक, किंचित पिवळट आणि वेडेवाकडे. दातावर घासून खरखरीत लागला की मोती खरा, असं म्हणतात. त्यातून काच आणि मोती वेगळे कळतात, पण समुद्रात आपोआप झालेला मोती आणि माणसाने शिंपल्यात मणी घालून वाढवलेला, हे दोन्ही दातावर सारखेच लागतात. टपोऱ्या मोत्यांच्या भोकात उजेड टाकून भिंगाने पाहिलं, तर कवच आणि आतला मणी यांच्यामध्ये काळसर रेघ दिसली. असे गोल संवर्धित मोती जपानमधून बाजारात आले ते १९२० च्या आसपास. मधल्या लाल खड्यात वळणदार रेषा आणि गोल बुडबुडे होते. ही भट्टीत केलेल्या माणकाची खूण. ती रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्न्यूईने १९०२ मध्ये जाहीर केली. हिरवा खडा तर नुसती काच, कडा झिजून गोल झालेल्या.

नथ मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायची का, यावर बराच खल झाला. खर्च आणि जोखीम दोन्ही होती आणि बारीक मोत्यांना मोठी किंमत येईल असं मला वाटत नव्हतं. तरी पाठवावी असं मी सुचवलं, कारण थोरल्या भावांच्या मनातला प्रश्न पैशाचा नव्हता. क्ष-किरण तपासणीत टपोरे मोती संवर्धित आणि बारीक सगळे नैसर्गिक निघाले, माणिक कृत्रिम.

आज दिसते तशी नथ विसाव्या शतकातली. पण तिच्यातले बारीक मोती त्याहून जुने असू शकतात. त्यांची भोकं अरुंद आणि दोन्ही बाजूंनी हाताने पाडलेली आहेत, आणि जुन्या नथीचे मोती नव्या तारेत ओवण्याची रीत आपल्याकडे आहेच. कित्तूरच्या आधीचं काही या नथीत असेल, तर ते या बारीक मोत्यांत. थोरल्या भावांनी अहवाल दोनदा वाचला आणि नथ आपल्या वाट्याला मागितली.

निर्णय आणि वाटणी

माळेचं वय पक्कं झालं आणि धाकट्यांच्या मुलाचा ती परदेशी न्यायचा बेत अडला. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. वहीतल्या नोंदीने माळ शंभरीपार नेली होती, तेव्हा तसा दाखला मागायचा प्रश्नच नव्हता. आधी ज्यांना माळ जुनी हवी होती, त्यांनाच आता ती थोडी नवी असती तर बरं असं वाटलं. वही बाजूला ठेवून माळ न्यावी, असंही एकाने सुचवलं. मी त्याला स्पष्ट नकार दिला आणि माझ्या लेखी अहवालात शके १८४५ ची नोंद घातली.

व्हेनिसच्या नाण्यांना संग्राहकांकडे जास्त किंमत येईल का, हेही पाहिलं. कडी झाळलेल्या नाण्याचं संग्रहमोल बरंच उतरतं, आणि कडी काढली तरी झाळेची खूण राहते. सोन्याच्या भावावर थोडं जास्त मिळालं असतं, पण त्यासाठी माळ फोडावी लागली असती. तिघांनीही नको म्हटलं.

साज आक्कांना गेला, नथ आणि तोडे थोरल्यांना. पाटल्या धाकट्यांनी घेतल्या आणि फरक रोखीने मिटवला, भाव वाटणीच्या दिवसाचा धरला. माळ तिघांच्या नावे लॉकरमध्ये आहे. पुढं कुणी विकायचं ठरवलं, तर १ एप्रिल २००१ च्या आधीचं सोनं म्हणून करासाठी त्या दिवसाचा बाजारभाव हीच खरेदी किंमत धरता येते. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद लागतो आणि तो आता तिघांकडे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मशीनच्या आधी आत्यांना विचारायला हवं होतं. पाटल्यांचा कस कळल्यापासून आत्या येईपर्यंत वहिनींनी जे सोसलं, ते टळलं असतं. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईसमोर डबा उघडायला काही खर्च येत नाही आणि तिला आठवतं ते कुठलंच यंत्र सांगू शकत नाही.

माळेचा कापलेला दोरा गेला तो गेलाच. पटवेकऱ्याच्या (दागिने रेशमात गाठवणाऱ्याच्या) गाठी, रेशमाचा रंग, पुतळ्यांचा मूळ क्रम, यावरून माळ कधी पुन्हा गाठवली होती का, हे कळलं असतं. मला ते कड्यांच्या झिजेवरून अनुमानाने काढावं लागलं. वही निघाली नसती, तर त्या अनुमानावर अहवाल लिहावा लागला असता.

चांदीचे तोडे मी पाहण्याआधीच कुणीतरी चिंचेने घासून लखलखीत केले होते. खाचांमधला काळसरपणा निघून गेला आणि झिजलेला भाग कुठला, मागाहून डागडुजी केलेला कुठला, हे सांगणं अवघड झालं. म्हणून तोड्यांच्या वयाचा रकाना अहवालात मी कोरा ठेवला आणि फक्त चांदीचं वजन आणि कस लिहिला. तीच चिंच नथीच्या मोत्यांना लागली असती, तर आंबटाने मोत्यांचं पाणीच गेलं असतं.

वहीची बाकीची पानं अजून वाचून व्हायची आहेत. गुरुजींनी वरवर चाळताना आणखी एका नथीची नोंद पाहिली, साल आधीचं. ती हीच नथ नव्या तारेत ओवण्याआधीची असेल, तर बारीक मोत्यांचा प्रश्न बराच पुढं सरकेल. पानांचे फोटो काढून झाले आहेत, वाचन पावसाळ्यानंतर ठरलं आहे.